तुम्ही विचारलंत म्हणून: आमदारांची शाल मी का घेतली

संपात सगळ्यात पुढं उभी राहून घोषणा देणारी बाई आमदारांच्या हातून शाल-श्रीफळ घ्यायला स्टेजवर चढली कशी, हे मला बाजारात विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, लसीकरणाच्या दिवशी बाळाला मांडीवर धरून विचारलंय. आमच्या आशा स्वयंसेविकांच्या संघटनेतल्या बायकांनी तर बैठकीत सगळ्यांदेखत विचारलं. आजवर एकेकाला एकेक उत्तर दिलं. आता एकदाच नीट लिहिते. गावाचं नाव घालत नाही. घातलं की आमदार कोण ते कळेल आणि सगळं बोलणं पक्षावर जाईल.

जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर होत्या. कोरोनात दारोदार फिरायचं, ताप मोजायचा, लोकांच्या शिव्या खायच्या आणि मोबदला मात्र कामागणिक, तोही वेळेवर नाही. त्या मागण्यांवरचा माझा एक शब्दही मी आजवर मागं घेतलेला नाही. संप मिटला आणि महिनाभरात पंचगंगा नदी पुन्हा गावात आली. पाणी ओसरल्यावर आमदारांनी कार्यक्रम ठेवला. बोटीवरची पोरं, पाण्यातून जाऊन वीज बंद करणारा वायरमन, घराघरांतून साप काढणारे सर्पमित्र, पोलीस पाटील आणि आम्ही काही आशा, असे सगळे बोलावले होते. असाच कार्यक्रम २०१९ च्या पुरानंतरही झाला होता. तेव्हा मी गेले नव्हते. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. "शाल पांघरून पोट भरत नाही, मोबदला वाढवा" असा निरोप मीच धाडला होता. म्हणून तर लोक विचारतात: दोन वर्षांत असं काय झालं?

झालं ते २०१९ सालीच झालं होतं. मी बोलले नव्हते एवढंच.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका. हे आकडे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण माणसं त्या आकड्यांवर घर सोडत नाहीत. ती जुन्या पुरावर अंदाज बांधतात. २००५ ला पाणी मारुतीच्या देवळाच्या कुठल्या पायरीला लागलं होतं, त्यावर आमच्या गावाचा सगळा हिशेब. त्यात गोठ्यात दुभती म्हैस असली की पाय आणखी जड होतो. मी घरोघरी जाऊन सांगत होते, आणि म्हातारी माणसं मला पायरी दाखवत होती. २०१९ च्या त्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पायरी सोडा, देऊळ दिसेना.

८ ऑगस्टला बोट आली. पोरं शहरातल्या तालमीची, पोहण्यात तयार, पण गाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं. पाण्याखाली कुठं विहीर आहे, कुणाचं तारेचं कुंपण आहे, कुठं उसाची ट्रॉली उभी आहे, त्यांना काय ठाऊक? विजेच्या तारा तर डोक्याला लागतील अशा. म्हणून मी पुढं बसले. कोण गरोदर, कोण अंथरुणाला खिळलेलं, कुणाला इन्सुलिन लागतं, हे मला तोंडपाठ होतं. दुसऱ्या कुणाला नव्हतं.

त्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. लहान पोरं, बाया बुडाल्या. पोरांना फोनवर कळलं आणि त्यांचे चेहरे उतरले. इंजिनवरचा पोरगा म्हणाला, "आक्का, आठाच्या वर एक माणूस घेणार न्हाई. कुणी पाया पडलं तरी न्हाई."

शेवटची गल्ली राहिली होती. एका माडीवर नववा महिना भरलेली सून, तिची सासू आणि लहान पोर. समोरच्या माडीवर तात्या. त्यांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेलेली. त्यांना झोपवूनच न्यावं लागणार होतं, म्हणजे चार माणसांची जागा. बोटीत उरलेली जागा एका घराला पुरेल एवढीच. पोरं माझ्याकडं बघत होती. मी सुनेचं नाव घेतलं.

तात्यांचा मुलगा खिडकीत होता. मी म्हटलं, "दादा, लगेच फिरून येतो." तो म्हणाला, "आमचा म्हातारा काय फुकटचा हाय व्हय?" मी उत्तर दिलं नाही.

लगेच काही फिरता आलं नाही. धारेला लागताना इंजिन बंद पडलं, वल्ह्यांवर कसंबसं काठाला आलो, तोवर अंधार झाला आणि रात्री आत जायला बंदी घातली. तात्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं. ती रात्र त्यांनी गळक्या कौलांखाली, औषधांशिवाय काढली. सुनेला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तात्या काही दिवसांनी दवाखान्यात वारले. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. तो त्या रात्रीनं झाला की आधीच छातीत होता, हे कुणीच सांगू शकलं नाही.

आज पुन्हा तीच गल्ली समोर आली तर मी सुनेचंच नाव घेईन. पण ते नाव घ्यायचा अधिकार मला कुणी दिला होता? मी तहसीलदार नाही, डॉक्टर नाही, साधी पोलीस पाटीलही नाही. आधी कुणाला काढायचं, कितव्या फेरीत काढायचं, हे पाणी यायच्या आधी कुणीतरी कागदावर ठरवून त्याखाली सही करायला हवी होती. ती सही कुणाचीच नव्हती, म्हणून सगळं माझ्या तोंडावर आलं.

ही मागणी मी नंतर लेखी दिली. ग्रामसभेत ठराव झाला, अर्ज गेले, पोच मिळाली, पुढं काही नाही. २०२१ ला पुन्हा पूर आला. लोक या वेळी लवकर हलले, पण यादी पुन्हा माझ्याच डोक्यात. मग सत्काराचं निमंत्रण आलं, तेव्हा मी ठरवलं की जायचं. कचेरीत भेटायला गेलं की साहेब बाहेर असतात. स्टेजवर मात्र माणूस समोर उभा असतो आणि सगळा तालुका बघत असतो. शाल अंगावर पडल्यावर मी त्यांच्या हातात कागद दिला. गावात बोट मे महिन्यातच येऊन राहावी, लहान मुलांच्या मापाची लाईफ जॅकेट असावीत आणि अंथरुणाला खिळलेल्यांची यादी तालुक्याच्या नियंत्रण कक्षात क्रमासकट मंजूर असावी. त्यांनी तो कागद तिथंच वाचला. मला त्यांचा राग नाही. ते ऐकून घेणारे आहेत.

बोट आली, आमदार निधीतून. जॅकेटंही आली. पण निधीतून वस्तू मिळते, तिची देखभाल मिळत नाही. पेट्रोल आणि इंजिनची दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या गळ्यात, आणि ग्रामपंचायत म्हणते तरतूद नाही. गावातल्या दोघा पोरांना आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी प्रशिक्षण मिळालं, ओळखपत्र आणि विमाही. त्यांना आता बंदोबस्तावरचे पोलीस अडवत नाहीत. यादीवर मात्र अजून सही नाही.

निरोप धाडणारी ती २०१९ ची मी आज समोर आली तर म्हणेल, "बोट गावाच्या हक्काची होती. ती मागायला मान पुढं करायची काय गरज होती?" मी म्हणेन, हक्काच्या अर्जाला उत्तर आलं नव्हतं. ती म्हणेल, "म्हणून काय, प्रत्येक गावानं सत्काराची वाट बघायची?" इथं मी अडते. बायकोला, आईला, बापाला पुरातून काढायला एखाद्या बाईच्या शालीचा मुहूर्त लागावा, हे मलाही मान्य नाही. आणि ती बोट नको होती, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तात्यांचा मुलगा दारात आला. बसला नाही. म्हणाला, "आक्का, तात्यांची शाल मिळाली म्हणायची." बाकीच्यांना मी भांडून उत्तर देते. त्याला दिलं नाही, आणि हे लिहूनही ते दिलं गेलंय असं मला वाटत नाही. तो चुकीचं बोलला असंही मी म्हणणार नाही.

या वर्षीची यादी मी करायला घेतली आहे. ज्यांच्या घरी गरोदर बाई आहे, अंथरुणावर माणूस आहे, डायलिसिस चालू आहे, त्यांनी जूनच्या आत मला सांगावं. शालीबद्दल काय वाटतं ते वाटो, नाव मात्र द्या.