भाटघरची पहिली रात्र आणि आमची फिरती मोरी

आमच्या सोसायटीच्या पार्किंग नियमावलीत दुचाकी, चारचाकी आणि पाहुण्यांची गाडी असे तीन रकाने आहेत. आमच्या कॅरॅव्हॅनला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराला, रकाना नाही. सेक्रेटरीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते 16 फुटी धूड न्याहाळलं आणि विचारलं, "वहिनी, हे वाहन समजायचं की फ्लॅट? मेंटेनन्स वेगळा लागतो, म्हणून विचारलं." मागे तिची स्वतःची नंबरप्लेट आहे, आरटीओचे कागद आहेत, हे दाखवल्यावर कचऱ्याच्या डब्यांशेजारची जागा मिळाली, तीही तात्पुरती. पुण्यात तात्पुरतं म्हणजे निदान पुढच्या एजीएमपर्यंत, वार्षिक सभेपर्यंत, त्यामुळे आम्ही निर्धास्त आहोत.

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, तेव्हापासून हे खूळ नवऱ्याच्या डोक्यात होतं. शेवटी पिंपरी-चिंचवडच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये बांधून घेतली. गाडीमागे ओढायची, इंजिन नसलेली. आत एक पलंग, दिवसा बाकं आणि रात्री बिछाना होणारी बैठक, दोन शेगड्यांचा ओटा, आणि मागच्या कोपऱ्यात फायबरच्या ट्रेवर उभं केलेलं संडास-बाथरूम. चांगल्या पाण्याची टाकी 80 लिटरची, सांडपाण्याची वेगळी, खाली. बाकी कशावर सासूबाईंनी फार मत दिलं नाही. त्यांची अट एकच होती: "अंघोळ आत, कडी लावून. मी नदीवर जाणार नाही."

सामान लावायला अख्खा शनिवार गेला. घरात कपाट लावताना हाताला काय लागेल एवढंच बघतो, इथे वजन कुठे पडतं हे आधी बघावं लागतं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पुढे, गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, पडायला हवा. मागे जड झालं की ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो, आणि ते थांबवणं अवघड असतं. टाकी भरली की 80 किलो पाणीच झालं, म्हणून ती चाकांच्या आसाजवळ आहे. सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता अगदी मागच्या कपाटात गेला होता, तो पुढे आणून बाकाखाली ठेवला. "खलबत्ता कशाला लागतो दोन दिवसांना?" असं विचारायची हिंमत घरात कुणाची नाही.

पहिला मुक्काम मुद्दाम जवळ धरला, भोरजवळ भाटघर धरणाच्या पाण्याकाठी, ओळखीच्यांच्या शेतावर. नवीन कॅरॅव्हॅन घेऊन थेट कोकणात उतरणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण पहिल्या फेरीत काय काय खुळखुळतं ते कळेपर्यंत माणसाने पुण्यापासून दीड-दोन तासांच्या आत असावं. कात्रजचा जुना घाट टाळून नवीन बोगद्याने गेलो. जाताना चढ असतो, तिथे गाडीला मागचं ओझं कळतं. येताना हाच रस्ता नवले पुलाकडे उतरतो आणि तो उतार अपघातांसाठी किती बदनाम आहे हे पुणेकरांना सांगायला नको. तिथे वरूनच खालचा गिअर टाकायचा आणि मागचा ट्रक कितीही हॉर्न वाजवो, आपला वेग सोडायचा नाही. खेड शिवापूरचा टोलनाका, मग कापूरहोळला मिसळ, तिथून उजवीकडे भोरचा रस्ता. मुलगा प्रत्येक गतिरोधकाला मागे वळून "आहे, आहे" असं सांगत होता, म्हणजे ट्रेलर अजून मागे आहे.

भाटघर म्हणजे वेळवंडी नदीवरचं धरण. जलाशयाला शिवरायांचे सरदार येसाजी कंक यांचं नाव आहे. ते पाणी पुढे नीरेला मिळतं आणि कालव्यांनी बारामती-फलटणच्या शेतापर्यंत जातं. म्हणूनच सांडपाण्याच्या टाकीचा नळ तिथे उघडायचा नाही हे आधीच ठरलं होतं. साबणाचं पाणी जसं झालं तसं परत पुण्याला, सोसायटीच्या चेंबरमध्ये.

मुक्कामाच्या जागी आधी चाकांना ठोकळे, मग पाणसळ. पाणसळ आम्ही ओट्यावर ठेवतोच, पण बाथरूमच्या ट्रेमध्येही ठेवतो. घरच्या मोरीला गवंडी एकदा ढाळ देतो आणि आपण तो विसरून जातो. इथला ढाळ प्रत्येक मुक्कामी नव्याने द्यावा लागतो, कारण जमीन वेगळी. ट्रेची जाळी मागच्या कोपऱ्यात आहे, आणि कॅरॅव्हॅनचं नाक थोडं जरी खाली राहिलं तर पाणी जाळीकडे न जाता समोरच्या सांध्याशी तुंबून बसतं. जॉकी व्हीलची, म्हणजे नाकाखालच्या वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकाची, मूठ अर्धा फेरा फिरवली की काम होतं.

संध्याकाळी थंडी अशी पडली की सगळ्यांना एकदम अंघोळी आठवल्या. 80 लिटरमध्ये सहा जणांच्या अंघोळी, स्वयंपाक आणि भांडी बसवायची म्हणजे अंग भिजवा, नळ बंद, साबण लावा, मग नळ उघडा. मुलीने मोबाइलवर एक आख्खं गाणं लावून अंघोळ केली, तिला दुसऱ्या दिवशी कळशीचा नियम लागला. पिठलं-भाकरी झाली, सासूबाईंच्या खलबत्त्यात लसूण-मिरची कुटली गेली, आणि खलबत्त्याचा विषय कायमचा मिटला.

रात्री चादरी काढायला बाकाखालचं फळकूट उचललं तर बाथरूमच्या बाजूचा प्लाय हाताला गार लागला. ओला म्हणावा असा नाही, पण दमट. बोट टेकवलं तर कडेचा रंग गडद, तळहाताएवढा डाग. नवऱ्याने लगेच सिलिकॉनची ट्यूब आणि गन काढली. मी म्हटलं, आधी पाणी कुठून येतंय ते कळू दे. ट्यूब फिरवली की डाग दिसेनासा होतो आणि पाणी दुसरी वाट धरतं, मग वर्षभराने प्लाय हातात येतो तेव्हा कळतं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर याच पद्धतीचे इतके थर बसलेत की पॅरापेटची, कठड्याची, उंची कमी झाली आहे.

त्या रात्री एवढंच करता आलं: पंप ऐकला. 12 व्होल्टचा हा पंप दाबावर चालतो. नळ उघडला की दाब पडतो आणि तो सुरू होतो, नळ बंद करून दाब भरला की गप्प. सगळे नळ बंद असताना मध्येच टुर्र करून वाजला, तर दाबाच्या पाइपात, एखाद्या जोडात किंवा हँडशॉवरच्या वॉशरमध्ये पाणी जातंय असं समजायचं. एका टोकाला बेडूक, दुसऱ्या टोकाला सासरे घोरत होते. पंप मात्र हूं की चूं नाही. म्हणजे पाइप ठीक, पाणी वापरतानाच कुठेतरी जातंय.

बाकीची तपासणी पुण्यात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, वॉचमनमामांच्या देखरेखीखाली. आधी मग्ग्याने पाणी थेट जाळीत ओतलं, भिंती आणि ट्रे कोरडे ठेवून. खाली टॉर्च मारला, ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा वळणाचा पाइप, बाहेरून कोरडा. मग जाळीला बूच लावलं, ट्रेमध्ये दोन इंच पाणी भरलं आणि त्यात जिलबीचा केशरी रंग घातला. बराच वेळ ठेवलं, खाली एक थेंब नाही. तोवर आमच्या नेहमीच्या प्लंबरकाकांना कुणीतरी बोलावून आणलं होतं. ते आत आले, चप्पल काढून ट्रेमध्ये उभे राहिले आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलले. ट्रे करकरला.

"ताई, इकडे बघा," म्हणाले.

कोपऱ्यात, ट्रेची कड भिंतीच्या शीटला मिळते तिथे, पांढऱ्या सिलिकॉनची रेघ त्यांच्या वजनासरशी नखाएवढी उघडत होती आणि वजन काढलं की मिटत होती. मिटल्यावर बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. त्यांनी हँडशॉवर भिंतीवर धरला, पुन्हा झुलले, आणि केशरी पाण्याची एक बारीक रेघ त्या फटीत शिरली. पाचेक मिनिटांत बाकाखाली केशरी ओघळ.

"घर हलत नाही, हे हलतंय. वरनं कितीबी चिकटवा, खालनं आधार नाही तवर उघडणारच."

ट्रेखाली हात घातला तर मधोमध पोकळी. बनवणाऱ्याने फायबर चार कडांवर टेकवून सोडलं होतं. रस्त्यावरचे हिसके आणि माणसाचं वजन, दोन्ही त्या एका सांध्यावर. वर्कशॉपला फोन केला तर "मॅडम, थोडं फ्लेक्स होणारच" असं ऐकायला मिळालं. मी आभार मानले आणि काम काकांना दिलं.

रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन सामान आणलं. काकांनी बाकाच्या बाजूने ट्रेखाली मरीन प्लायच्या पट्ट्या बसवल्या, वर रबरशीट, पीयूने (पॉलियुरेथेनच्या गोंदाने) चिकटवून, म्हणजे फायबर टेकेल पण प्लायवर घासणार नाही. मग जुनं सिलिकॉन काढलं, सगळं. हे कंटाळवाणं काम असतं आणि बहुतेक जण इथेच घाई करतात, पण जुन्यावर नवं सिलिकॉन धरत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण कोरडं होऊ दिलं. सिलिकॉन घेतलं ते न्यूट्रल, बुरशी न धरणारं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त मिळतं, पण ते आजूबाजूच्या धातूला खातं.

मास्किंग टेप लावली, गन फिरवायच्या आधी मात्र काकांनी ट्रेमध्ये पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे तीन भरलेले जार ठेवायला लावले. ट्रे खाली दबलेला असतानाच सांधा भरायचा आणि तसाच वाळू द्यायचा. म्हणजे सांध्यात सिलिकॉन जास्तीत जास्त रुंदीला बसतं आणि पुढे माणूस उभा राहिला तर ताणलं जात नाही. रिकाम्या ट्रेवर भरलं असतं तर पहिल्याच अंघोळीला पुन्हा फाटलं असतं. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आतवर वाळतं, तेव्हा वरून हाताला लागत नाही म्हणून जार उचलायचे नाहीत.

जाता जाता आणखी दोन जागा सापडल्या. साबणाच्या कप्प्याचे स्क्रू थेट भिंतीत होते, प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. कप्पा काढून भोकं भरली, साबण आता जाळीच्या पिशवीत लटकतो. दुसरी जागा दाराच्या चौकटीची. तिथे कुणीतरी आतूनही सिलिकॉन भरलं होतं. चौकटीत थोडं पाणी शिरतंच, त्याला परत ट्रेमध्ये यायला वाट हवी. आतली बाजू बुजवली की ते बाहेर, बाकाकडे निघतं. तिथलं आतलं काढलं, बाहेरचं ठेवलं.

नंतर वाईला गेलो. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, आणि थंडीतल्या सकाळी सगळ्यांच्या गरम पाण्याच्या अंघोळी, आत, कडी लावून. मुलाकडे आता कागदखातं आहे: निघायच्या आधी बाकाखाली वर्तमानपत्राचं पान पसरायचं, प्रत्येक मुक्कामी फळकूट उचलून ते बघायचं, आणि पानावर तारीख टाकायची. कागदावर ओल चटकन दिसते, प्लायवर उशिरा. वाईचं पान कोरडं निघालं. एका कोपऱ्यात लोणच्याच्या तेलाचा डाग आहे, त्याची चौकशी चालू आहे.