५६००जी वर रॅम ओव्हरक्लॉक: ग्राफिक्स कार्डाशिवाय खेळणाऱ्यांसाठी

रॅम ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून, सगळ्यात जास्त फायदा कोणाला होत असेल, तर ग्राफिक्स कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी वर खेळणाऱ्याला. या प्रोसेसरमधल्या व्हेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. टेक्स्चर, फ्रेमबफर, सगळं मदरबोर्डावरच्या रॅममधूनच येतं, आणि त्याच वाटेने प्रोसेसरचीही ये-जा चालू असते. ३२०० च्या दोन स्टिक मिळून सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ जीबी देतात. जीडीडीआर५ वाल्या जीटीएक्स १६५० कार्डाला एकट्याला १२८ जीबी मिळतात. वाटच अरुंद असल्यामुळे ती जेवढी रुंद कराल तेवढ्या फ्रेम वाढतात.

पण मशीनमध्ये एकच स्टिक असेल, तर ओव्हरक्लॉकच्या भानगडीत पडू नका, आधी दुसरी स्टिक घ्या. एका स्टिकवर २५.६ जीबीच मिळतात आणि ही तूट कुठल्याही टायमिंगने (रॅम प्रत्येक कामाला किती क्लॉक घेते ते आकडे) भरून निघत नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये स्टिक लावा. मग सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये ड्युअल दिसतंय का आणि वेग किती, ते बघा. तिथे खऱ्या वेगाचा आकडा अर्धा दिसतो, म्हणजे १६०० दिसलं की ३२०० समजायचं. १२०० किंवा १३३३ दिसत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे किटचा छापील वेग लावणारी सेटिंग, बंद आहे (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात). या एका सेटिंगपायी चांगला किट वर्षानुवर्षं २४०० वर चालत राहतो, याचं खरंच वाईट वाटतं.

एएमडीने ५६००जी साठी अधिकृत वेग ३२०० दिलाय. पण या चिपमध्ये कोअर आणि मेमरी कंट्रोलर एकाच डायवर (सिलिकॉनच्या तुकड्यावर) असतात. साध्या ५६०० मध्ये ते वेगवेगळ्या डायवर असल्याने त्याच्या इन्फिनिटी फॅब्रिकचा, म्हणजे हे भाग जोडणाऱ्या आतल्या दुव्याचा, वेग (एफक्लॉक) साधारण १९०० च्या आसपास अडतो. ५६००जी बहुतेक वेळा २००० सहज गाठतो. रॅमचा वेग एफक्लॉकच्या दुप्पट ठेवायचा असतो, म्हणून ४००० चं लक्ष्य ठेवायला हरकत नाही.

हात घालण्याआधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे कॉपी करा, बायोस अपडेट करा आणि बोर्डावर सीएमओएस क्लिअर करायच्या दोन पिना कुठे आहेत ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची एक पेनड्राइव्हही बनवा. नवीन सेटिंगवर पहिल्यांदा थेट विंडोज कधीच चालू करू नका. चुका करणारी रॅम चुकीचाच डेटा डिस्कवर लिहिते, आणि बिघडलेली सिस्टीम फाइल आठवडाभराने उघडकीला येते. पेनड्राइव्हवरून एक पास स्वच्छ गेला की मगच विंडोज.

आता बायोसमध्ये रॅमचा व्होल्टेज १.४० आणि एसओसी (प्रोसेसरमधला कोअर सोडून उरलेला भाग) व्होल्टेज १.१० ठेवा. ५६००जी मध्ये ग्राफिक्सलाही एसओसीच्याच लाइनवरून वीज मिळते, त्यामुळे तो उगाच वाढवला की स्वस्त बोर्डाचे त्या बाजूचे व्हीआरएम (वीज पुरवणारे भाग) तापतात. वेग टप्प्याटप्प्याने चढवा: ३६०० ला एफक्लॉक १८००, ३८०० ला १९००, ४००० ला २०००. टायमिंग वेगाच्या प्रमाणात सैल करायचे. ३२०० ला १६-२०-२०-३८ असतील, तर ४००० ला २०-२५-२५-४८. नॅनोसेकंदांत हिशोब तोच राहतो: सीएल (टायमिंगमधला पहिला आकडा) गुणिले २०००, भागिले वेग. दोन्हीकडे १० येतात.

प्रत्येक टप्प्यावर झेनटायमिंग्ज हा प्रोग्राम उघडून एमक्लॉक (रॅमचा), एफक्लॉक (फॅब्रिकचा) आणि यूक्लॉक (मेमरी कंट्रोलरचा) हे तिन्ही आकडे सारखे आहेत का ते बघा. बोर्ड ऑटोवर असेल तर यूक्लॉक गुपचूप अर्धा होतो, मग ४००० वरही मशीन आधीपेक्षा सुस्त वाटतं.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, असं झालं तर घाबरू नका. दोन-तीन मिनिटं थांबा, बोर्ड स्वतःच काही प्रयत्न करून मूळ सेटिंगवर येतो. नाही आला तर वायर काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक दहा सेकंद टेकवा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवा.

चूक रॅमची की फॅब्रिकची, हे ओळखण्यासाठी रॅम ३२०० वर आणा आणि एफक्लॉक २००० वरच ठेवा. आवाजात खरखर, यूएसबी मधेच सुटणं, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी, यातलं काही तरीही चालू राहिलं तर दोष फॅब्रिकचा. मग ३८०० आणि १९०० वर समाधान माना, २०० आकड्यांसाठी रोजचा त्रास घेण्यात अर्थ नाही.

वेग पक्का झाला की टायमिंगपैकी टीआरएफसीकडे आधी लक्ष द्या. रॅमचा प्रत्येक सेल म्हणजे सतत गळणारा एक इवलासा कपॅसिटर. तो पुन्हा भरण्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रॅमचं काम थांबतं, आणि किती वेळ थांबतं तोच टीआरएफसी. ८ गिगाबिटच्या चिपला ठरलेला वेळ ३५० नॅनोसेकंद, म्हणजे ४००० ला ७०० क्लॉक. एकूण वेळातला जवळपास साडेचार टक्के नुसत्या थांबण्यात जातो. १६ जीबीच्या स्टिकवर १६ गिगाबिटच्या चिप असतील तर हाच आकडा ५५० नॅनोसेकंद, म्हणजे ११०० क्लॉक. तो २०-२० ने खाली आणत टेस्ट करा. सॅमसंगची बी-डाय नावाची चिप १६० नॅनोसेकंदांच्या आसपास जाते, मायक्रॉनची रेव्ह ई चिप ३०० च्या जवळ थांबते. त्यानंतर बायोसमधल्या टायमिंगपैकी टीआरआरडीएस ४, टीआरआरडीएल ६ आणि टीएफएडब्ल्यू १६ लावून बघा.

शेवटची टेस्ट टेस्टमेम५ या प्रोग्रामची, एक्स्ट्रीम कॉन्फिगवर. एक एरर आली तरी नापास. ती निभावली की लगेच तासभर जड गेम चालवा, कारण रॅमची टेस्ट चालू असताना ग्राफिक्सचा भाग तापतच नाही आणि हीटसिंक नसलेल्या स्टिकवर ती उष्णता नंतर येते. गरम झाला की कपॅसिटर जास्त वेगाने गळतो. जानेवारीत पास झालेला घट्ट टीआरएफसी, अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ वर गेला की मे महिन्यात एरर देऊ शकतो. थंडीत सेटिंग केली असेल तर सापडलेल्या शेवटच्या आकड्यावर ३०-४० क्लॉक सैल सोडा, आणि एप्रिलमध्ये दुपारी दोनला, खोलीतला पंखा बंद करून, तीच टेस्ट पुन्हा लावा.