शाहूपुरी ते राजारामपुरी: कोल्हापुरातली एक पायी फेरी

कोल्हापूर स्टेशनातून बाहेर पडलात की रिक्षावाले 'मंदिर? रंकाळा?' विचारणारच. या फेरीला रिक्षा नको. समोर पसरलीय तीच शाहूपुरी.

१८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी इथं गुळाची पेठ वसवली. गुळाचे सौदे पुढं मार्केट यार्डात गेले, तरी व्यापारी पेठ हे नाव टिकलं. आता पाट्या वाचत चाललात तर हॉटेलं, लॉज आणि ट्रान्सपोर्टच जास्त. जुनी कौलारू दुकानं हवी असतील तर मुख्य रस्ता सोडून गल्ल्यांत शिरा. पावसाळ्यात मात्र कुंभार गल्लीकडं जाण्याआधी पंचगंगेच्या पातळीची चौकशी करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तो भाग पाण्यात होता.

बागल चौकातून उद्यमनगरात आलं की आधी कानाला कळतं. लेथ, ग्राइंडर, मध्येच घणाचा ठोका. मोठ्या फौंड्र्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेल्या, पण एका शटरमागं बसून सुटा पार्ट घासणारी माणसं इथंच आहेत. पत्र्याच्या शेडला लागूनच नवं काचेचं शोरूम उभं राहतंय. मला शेड जास्त आवडली, हे सांगून टाकतो. फडतरेंची मिसळ याच भागात. सकाळी लवकर गेलात तर बरं, नंतर रांगेत वेळ जातो.

पुढं कोटीतीर्थ तलावाजवळ शाहू मिल. १९०६ मध्ये पायाभरणी झालेली. काळ्या दगडाच्या भिंती आणि वर चिमणी. मिल बंद पडून वर्षं लोटली, तिथं शाहू महाराजांचं स्मारक करायची चर्चाही तितकीच जुनी. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला याच आवारात कार्यक्रम झाले, तेव्हा इथं माणसं येतात हे सगळ्यांनी पाहिलं. एवढी भक्कम वास्तू वापरात आणायला नवं बांधकाम कशाला लागतं, कळत नाही. एरवी आत सोडतीलच असं नाही. बाहेरून बघायची तयारी ठेवा, वॉचमनशी हुज्जत घालू नका.

खरा मुक्काम राजारामपुरीत. मेन रोडला लागून पहिली, दुसरी, तिसरी अशा आकड्यांच्या गल्ल्या, त्यामुळं नवखा माणूसही चुकत नाही. पुनर्विकास म्हटलं की मुंबईच्या चाळी आठवतात. इथं तो प्लॉटगणिक चाललाय. एक बंगला पडतो, त्याजागी खाली पार्किंग आणि वर फ्लॅट. शेजारी अजून मंगलोरी कौलं, दगडी जोतं, सिमेंटची जाळी आणि दारात पारिजातक. एका घराच्या व्हरांड्यात लाल कोब्याची फरशी इतकी गुळगुळीत झालेली की खांबाची सावली तीत दिसत होती. बघत उभा राहिलो तर आतून आजोबा आले, "कुणाकडं आलाय?" घर बघतोय म्हटल्यावर, "बघा की, मग आत या. च्या टाकतो."

तो व्हरांडाच नव्या इमारतींत नाही. गल्लीची रुंदी तीच, घरांची रांग तीच, पण रस्ता आणि दार यांच्यामधली बसायची जागा गाड्यांना गेली. संध्याकाळी जुन्या घरांपुढं माणसं दिसतात, नव्यांपुढं सेन्सरचं गेट. मजले वाढवायला हरकत नाही, तळमजल्यावर चार माणसांना टेकायला कट्टा ठेवला तरी पुष्कळ.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी बाजार बराचसा बंद असतो, उद्यमनगरही शांत. यंत्रांचा आवाज ऐकायचा तर दुसरा वार निवडा. नुसती घरं बघायची तर उलट सोमवारची सकाळ चांगली, गाड्या कमी. गणपती येतात त्या दिवशी राजारामपुरीतली आगमन मिरवणूक बघायला जरूर या, इमारती मात्र त्या दिवशी दिसणार नाहीत. फोटो काढण्याआधी विचारा. बहुतेक घरं राहती आहेत. पायात चप्पल नको, बूट घाला, उद्यमनगरच्या रस्त्यावर लोखंडाचा कीस पडलेला असतो. परतायला मेन रोडवरून केएमटी (शहर बस) किंवा रिक्षा मिळते.