तुम्ही विचारलंत म्हणून: बटेरला लागलं तर काय लावायचं?

इंदूरला आमच्या गल्लीत मी बटेरवाली काकू. गच्चीवर अकरा जपानी बटेर आहेत, महाराष्ट्रात ज्याला लावा म्हणतात त्याचीच भावंडं. शेतातला लावा धरून आणून पाळता येत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. माझ्या सगळ्या उबवणी केंद्रातून आणलेल्या. तर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी खालूनच हाक मारतं, "काकू, बटेरला लागलंय, हळद लावू का?"

आधी काहीच लावू नका. तिला बाकीच्यांतून बाजूला काढा, उबेला ठेवा आणि हातातून खाली ठेवा. मग औषधाचं बघू.

हे मी माझ्या तांबडी नावाच्या बटेरमुळे शिकले. जाळीच्या तुटक्या तारेनं तिचं पंखाखाली फाटलं होतं, नखाएवढंच. मी तुपात हळद कालवून लावली आणि मांडीवर घेऊन बसले. घरातले, शेजारचे, सगळे बघून गेले. रक्त थांबलं का म्हणून मी दर मिनिटाला फडकं उचलत होते. सकाळी ती गार पडलेली होती. जखमेनं जाण्याइतकी ती जखम नव्हती, हे मला आजही टोचतं. तुपानं पिसं चिकटली आणि अंगातली ऊब निघून गेली. पक्ष्याचं अंग आपल्यापेक्षा गरम, 41-42 अंशांचं, ते टिकवतात ती कोरडी, फुललेली पिसंच. त्यातून मी तिला घट्ट धरलेलं. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते. छाती आवळली की श्वास कोंडतो. आणि 150 ग्रॅमच्या जिवात रक्त असतं किती, तर साधारण 10 ते 12 मिली. चहाचा एक चमचा सांडला की निम्मं गेलं.

म्हणून दुसऱ्या बटेरच्या, गोदाच्या वेळी मी हात आवरला. दिवाळीची रात्र, शेजारच्या गच्चीवरून रॉकेट सुटलं. बटेर घाबरली की पळत नाही, बाणासारखी सरळ वर उसळते. गोदाचं डोकं छताच्या जाळीवर आपटलं आणि टाळूचं कातडं चोचीच्या मुळापासून मागे सोललं गेलं. आत हाड पांढरं दिसत होतं. मी पोचेपर्यंत दुसऱ्या दोघी तिथेच चोची मारत होत्या. लाल दिसलं की त्या टोचतातच, त्यात वैर नसतं, पण मूळ जखमेपेक्षा ह्या चोचीच जास्त जीव घेतात.

तिला हलकेच टॉवेलात गुंडाळलं, छाती मोकळी ठेवून. गॉजची घडी जखमेवर धरली आणि घड्याळात बघून पाच मिनिटं उचलली नाही. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. मग मेडिकलमधून आणलेलं सलाइन कोमट करून, सुई काढलेल्या सिरिंजनं थेंब थेंब सोडलं. त्यानंतर बीटाडीन, पण पाणी घालून फिक्या कोऱ्या चहाच्या रंगावर आणलेलं. सुटलेलं कातडं कापलं नाही, ओल्या गॉजनं पुन्हा जागेवर सरकवलं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड ह्यांना मी हात लावत नाही, नव्यानं भरणारं मांस त्यानं जळतं. बधिर करणारी मलमं तर अजिबात नको, एवढ्याशा जिवाला ती विषासारखी भिनू शकतात. हळदीवर माझा राग नाही, पण तिचा थर बसला की खाली काय चाललंय ते दिसत नाही.

आपल्या डब्यातली दुखण्यावरची गोळी चुरडूनही देऊ नका. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, लाखोंनी गिधाडं गेली, तेव्हा कुठे 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

गोदाला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं. खाली पांढरा टिश्यू पेपर, म्हणजे रक्ताचा ठिपका लगेच कळतो. एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, दुसरा कोपरा मोकळा, नको वाटलं तर सरकता यावं म्हणून. वाळूत लोळणं बंद. खोकं मात्र पिंजऱ्याशेजारीच, कारण बाकीच्यांचा आवाज कानावर नसला की ती जेवत नाही.

तिसऱ्या दिवशी जखमेच्या कडेला गर्द हिरवं दिसलं. सडलं म्हणून मला धडकी भरली. पण पक्ष्यांचा मुका मार हिरवाच पडतो. आपल्या अंगात रक्त मुरताना हिरव्याचं पुढे पिवळं होतं, त्यांच्यात ते हिरव्यावरच थांबतं. दुर्गंधी नव्हती, गोदा दाणे टिपत होती, मी हात लावला नाही.

पूचंही तसंच. पक्ष्यांचा पू वाहत नाही, पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट होतो, म्हणून पायाच्या तळव्याला आलेली गाठ दाबून काही निघत नाही. ती डॉक्टरांनाच दाखवायची. बोटांवर विष्ठेचे वाळलेले गोळे असतील तर तेही ओढू नका, नख उपटून येतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवला की आपोआप सुटतात.

मांजराचा दात लागला असेल, हाड मोडलं असेल, पोट उघडं पडलं असेल किंवा पावसाळ्यात जखमेवर माशीची पांढरी अंडी दिसली, तर घरचं काही करत बसू नका. मांजराच्या लाळेतले जंतू एक-दोन दिवसांत पक्षी नेतात, जखम टाचणीएवढी असली तरी. शहरात मला एका दवाखान्यातून "आम्ही कुत्री-मांजरी बघतो" म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हापासून आधी फोन करून विचारते, नाही तर सरळ इंदूरजवळचं महू. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रतिजैविक सुरू असेल तोवर आणि नंतरही काही दिवस अंडी खायची नाहीत, किती दिवस तेही तिथेच विचारून घ्या.

गोदाची खपली दोन आठवड्यांनी पडली. खाली गुलाबी कातडं आणि त्यातून वर आलेली पिसांची निळसर टोकं, दाढीच्या खुंटांसारखी. ती नीट फुटेपर्यंत तिला परत सोडलं नाही, कोवळ्या पिसात रक्त असतं, बाकीच्यांनी टोचलं की वाहतं.

पिंजऱ्याचं छत त्याच आठवड्यात एक फुटावर आणलं, म्हणजे उसळायला जोरच मिळत नाही, आणि आतून आईचं जुनं सुती लुगडं ताणून बांधलं. पुढच्या दिवाळीत रात्रभर त्यावर धप्प धप्प आवाज येत होता.