चावी फिरवली की नुसतं ‘टक्’

गॅरेजात नेली की गाडी हमखास सुरू होते. तीसुद्धा पहिल्या झटक्यात. मेकॅनिक चावी आपल्या हातात परत देतो, “काही नाही हो हिला” म्हणतो आणि आपणच खोटारडे ठरतो. मग दोन दिवसांनी भर उन्हात, मागे चार गाड्या हॉर्न वाजवत असताना, पेट्रोल पंपावर ती नुसतं ‘टक्’ करून गप्प बसते. पूर्ण मेलेली गाडी एक वेळ परवडते. तिच्यात काय गेलंय ते तासाभरात कळतं. ही ‘कधी होते, कधी नाही’वाली माणसाचं डोकं खाते.

माझं पारोळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारून सुकवायची. गाड्यांची दुरुस्ती हा माझा धंदा नाही. पण तांब्याची तार, कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्याशी रोजचा संबंध, त्यामुळे ही भानगड शेवटी मीच हातात घेतली. गाडी पेट्रोलवरची, 2009ची, छोटी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एवढ्या वयाच्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं.

आधी काय काय झालं ते थोडक्यात. पहिल्या मेकॅनिकने बॅटरी बदलायला लावली. नवी बॅटरी बसली, आठ दिवस गाडी शहाण्यासारखी वागली, परत तेच. दुसऱ्याने सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटार) उतरवून कार्बन आणि बुश बदलले. पुन्हा काही दिवस बरी. तिसरा, शहरातल्या मोठ्या गॅरेजचा, न उघडताच म्हणाला, “अख्खा सेल्फ टाका आणि सोबत इग्निशन स्विचचा सेटपण, म्हणजे कटकट मिटली.” माझं म्हणणं असं की, अधूनमधून येणाऱ्या बिघाडात पार्ट बदलून काहीच सिद्ध होत नाही. बदलल्यावर गाडी सुरू झाली, पण ती न बदलताही त्या वेळी सुरू झालीच असती. बिघाड हजर असताना मीटर लावलं तरच ते मोजणं. बाकी सगळा अंदाज, आणि अंदाजाचे पैसे आपल्या खिशातून.

म्हणून आधी काहीच उघडलं नाही. गाडीत एक वही ठेवली. बंद पडली की वेळ, ऊन, त्याआधी गाडी किती चालली होती, किती वेळ उभी होती, एवढंच लिहायचं. महिनाभरात पानं बोलायला लागली. सकाळी घरून निघताना एकदाही नाही. रात्रभर उभी राहिली तर नाही. लांब पल्ला मारून आल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबली की मात्र अडते. दोन तास थांबली तर परत चालू. आणि मागचं आठवून बघितलं तर दिवाळीच्या सुमारास जवळपास नाहीच, एप्रिल-मे म्हणजे रोजचा तमाशा.

आता आपल्याकडचा मे म्हणजे काय ते खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या पुढे जातो, आणि तो सावलीतला. बोनटखाली त्याहून वेगळंच जग असतं. गाडी चालू असते तोवर समोरून वारा लागतो, रेडिएटरचं पाणी फिरतं. गाडी बंद केली की दोन्ही थांबतं, पण इंजिनाच्या लोखंडातली उष्णता तिथेच असते. त्यामुळे बंद केल्यानंतर थोडा वेळ बोनटखालचं तापमान उतरत नाही, उलट चढतं. सेल्फ बहुतेक गाड्यांत इंजिनाला चिकटून, काहींत सायलेन्सरच्या नळीजवळच बसवलेला. म्हणजे शेवभाजी खाऊन उठायला जेवढा वेळ लागतो, नेमका तेवढ्यात तो सगळ्यात जास्त तापलेला असतो.

वहीतली दुसरी गोष्ट आवाजाची. ‘गाडी सुरू होत नाही’ हे एकच वाक्य लोक तीन वेगळ्या आजारांना वापरतात. सेल्फ नीट फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर भांडण पेट्रोल नाहीतर स्पार्कशी. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकू येते का, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का, डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा मिचमिचतोय का, हे बघायचं. काटा अजिबात हलत नसेल आणि हे फक्त गरम असतानाच होत असेल, तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा) संशय घ्यायला हरकत नाही. दुसरा आजार म्हणजे सेल्फ रेंगाळत फिरतो, हेडलाइट मंदावतात. तिथे आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनाचा अर्थिंगचा पट्टा. थांबलेल्या गाडीत भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी. सेल्फ फिरताना 9.6च्या खाली गेली तर तिचा भरवसा नाही.

माझी गाडी तिसऱ्या प्रकारातली. हेडलाइट लख्ख, सेल्फ ढिम्म, फक्त एक बारीक ‘टक्’. दिवे मंदावत नाहीत म्हणजे बॅटरीतून मोठा करंट निघतच नाहीये. एवढ्यावरूनच नव्या बॅटरीचे पैसे वाचायला हवे होते.

सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतो, आपल्या पंपाच्या स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचा सख्खा भाऊ. चावीकडून एक बारीक वायर येते, ती त्याच्या छोट्या टर्मिनलवर. तिथे व्होल्ट आले की कॉइल आतला दांडा ओढते, दांडा सेल्फचं दातेरी चाक इंजिनाकडे पुढे ढकलतो आणि शेवटी तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडतो. मग बॅटरीचा खरा करंट सेल्फमध्ये जातो. म्हणजे ‘टक्’ झालं पण फिरला नाही, याची मुख्य कारणं दोन. एक तर कॉइलने पूर्ण ओढलं पण कॉन्टॅक्ट जळालेले आहेत. नाहीतर कॉइलला पुरेसे व्होल्टच मिळाले नाहीत आणि दांडा अर्ध्यात राहिला. पहिलं असेल तर सोलेनॉइड बदलायचा. दुसरं असेल तर सेल्फ नवा टाकला तरी तेच होणार. म्हणून त्या बारीक वायरवर बिघाडाच्या क्षणी किती व्होल्ट आहेत, हा सगळ्या प्रकरणातला एकच खरा प्रश्न होता.

एका रविवारी सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवरून एक पातळ वायर काढली, मध्ये छोटा फ्यूज टाकला आणि फायरवॉलच्या रबरी बुचातून ती आत केबिनमध्ये घेतली. दुसरी तशीच बॅटरीच्या प्लसवरून. दोन्ही टोकं सीटजवळ, मीटर डॅशबोर्डच्या कप्प्यात. बायको म्हणाली, “गाडी आहे का आयसीयू?” पण मीटर वाचायचं काम तिनेच घेतलं.

आणि मग, अर्थातच, गाडी अडेचना. मीटर लावल्यावर तीन आठवडे शुद्ध चारित्र्य. जळगावला लग्नाला जाऊन येताना एरंडोलच्या अलीकडे हायवेवरच्या ढाब्यावर थांबलो. जेवून उठलो, चावी फिरवली. टक्. मला इतका आनंद झाला की बायकोने विचित्र नजरेने बघितलं. ढाब्यावरचा पोरगा फडकं खांद्यावर टाकून धावत आला. “बॅटरी गयी व्हई भाऊ. धक्का मारूत का?” त्याला म्हटलं, “थांब भो, हात नको लावू.” तो बिचारा बाजूला उभा राहून बघत बसला, त्याच्यासोबत अजून दोन ट्रकवाले.

बायकोने आधी बॅटरी वाचली, 12.5. मी चावी धरून ठेवली. “बारा पॉइंट तीन.” म्हणजे बॅटरी जागची हललीसुद्धा नाही. मीटरची पिन दुसऱ्या वायरवर लावली, परत चावी. “अहो, सात पॉइंट आठच दाखवतंय.” बॅटरीवर सव्वाबारा आणि सोलेनॉइडवर पावणेआठ, वाटेत साडेचार व्होल्ट कोणीतरी खातंय. उतरलो, गिअर न्यूट्रल आहे आणि हँडब्रेक ओढलाय हे परत एकदा बघितलं, चावी ऑन ठेवली, बोनट उघडून बॅटरीच्या प्लसवरून एक जाड वायर सरळ त्या छोट्या टर्मिनलला टेकवली. घर्रर्र. गाडी चालू. ट्रकवाल्यांपैकी एकाने टाळी वाजवली. सेल्फ निर्दोष, सोलेनॉइड निर्दोष, बॅटरी तर आधीच निर्दोष.

(हे करताना पाना किंवा वायर सेल्फच्या जाड टर्मिनलवरून बॉडीला टेकली तर ठिणग्यांचा फटाका उडतो. आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते. ज्याला टर्मिनल ओळखता येत नाहीत त्याने हे करू नये.)

आता गरम असतानाच का? हे मला मेकॅनिकपेक्षा लवकर उमगलं, कारण आमच्या धंद्यात ते रोजचं आहे. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला साधारण 0.4 टक्के. मोटार किती तापली हे आम्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजूनच काढतो. सोलेनॉइडची कॉइल सकाळपेक्षा 60 अंशांनी जास्त तापली तर तिचा रेझिस्टन्स जवळपास चोवीस टक्क्यांनी वाढतो, त्या मानाने करंट कमी, आणि ओढही कमी. व्होल्ट पुरेसे असते तर हे कळलंही नसतं, कंपनी तेवढी जागा ठेवूनच कॉइल बनवते. पण वाटेत साडेचार व्होल्ट खाल्ले गेले की ती जागा संपते. शेतकरी रात्रीच्या लाईटीला विहिरीवर जातो, व्होल्टेज डाऊन असतं, बटण दाबतो आणि स्टार्टर किरकिर करतो पण पकडत नाही. तेव्हा कोणी मोटार बदलत नाही. इथे मात्र लोक सेल्फ बदलायला निघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना मुद्दाम मोजलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर, आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितला. सेल्फ झकास फिरत होता, तरी मीटर दीड व्होल्टच्या वर. अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. म्हणजे बिघाड अधूनमधून होत नव्हताच, तो रोज, चोवीस तास हजर होता. अधूनमधून फक्त त्याचा परिणाम दिसत होता.

मग एक पिन प्लसवरच ठेवून दुसरी वाटेवर पुढे सरकवत गेलो. इग्निशन स्विचच्या आत येणारी वायर, 0.2. स्विचमधून बाहेर पडणारी, 0.3. म्हणजे ज्याचा सेट बदलायला सांगितला होता तो स्विचही सुटला. स्टिअरिंगच्या खाली, प्लास्टिकच्या कव्हरमागे एक सहा पिनांचा जोड होता. त्याच्या पलीकडे मीटर एकदम दीडच्या वर. जोड सोडवला. पाच पिना चकचकीत, सहावी तपकिरी, भोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून किंचित वितळलेलं. मादी पिन सैल झाली होती, सैल म्हणून तापत होती आणि तापून अजून सैल होत होती. बोटाने हलवली तर डुगडुगली.

नवी पिन क्रिंप करून घातली, खरं तर एवढ्यावर काम भागलं असतं. पण चावीच्या वाटेने सोलेनॉइडचा सगळा करंट न्यायचा, हेच मुळात मला पटत नव्हतं. म्हणून बॅटरीजवळ चार पायांचा साधा रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवला, त्याच्या पायांवर नंबर असतात. चावीची जुनी वायर 86वर, 85 अर्थला, 30वर बॅटरीच्या प्लसवरून 30 अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर, आणि 87 सरळ सोलेनॉइडला. आता चावीला फक्त रिलेची चिमुकली कॉइल ओढायची असते, तिला एक अँपिअरसुद्धा लागत नाही. इमोबिलायझर (दुसऱ्या चावीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि बाकी वायरिंगला हात लागत नाही. रिले, होल्डर, फ्यूज, वायर मिळून चारशेच्या आत. बटणाने सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांत मात्र हे करू नका, तिथे रिले कंपनीचाच असतो आणि मध्ये कॉम्प्युटर बसलेला असतो.

बसवल्यावर त्या छोट्या टर्मिनलपर्यंत वाटेत खाल्ले जाणारे व्होल्ट 0.3वर आले. मे संपला, गाडी अडलेली नाही. पातळ वायरी अजून आत तशाच आहेत. बायको रोज काढायला सांगते, मी पुढचा मे जाऊ दे म्हणतो.

सध्या माझ्याकडे मेहुण्याची डिझेल गाडी आहे. तिचं उलटं आहे. अमळनेरला त्याच्या अंगणात रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन घेत नाही, दिवसभर मग काही तक्रार नाही. त्याला दोघांनी हीटर प्लग (गार डिझेल इंजिन सुरू व्हायला आतून तापवणारे) बदलायला सांगितलंय. माझा संशय डिझेलच्या लाईनमध्ये हवा ओढत असल्यावर आहे, कारण ती उन्हाळ्यातही असंच करते. फिल्टरवरचा हातपंप घट्ट लागेपर्यंत मारल्यावर लगेच सुरू होते का, एवढं त्याने चार-पाच सकाळी बघून वहीत लिहायचं, असं ठरलंय. तोवर प्लग विकत घ्यायचे नाहीत.