कट्ट्याची वही, वर्ष दुसरं : ‘छान आहे’ला एक रुपया दंड

मार्चनंतर नोंद टाकलेली नाही. आधी परीक्षा, मग सुट्टी, मग ओसरीची कौलं उतरवून पुन्हा चढवायचं काम निघालं, तेही नेमकं पावसाच्या तोंडावर. वही मात्र चालू होती. तिच्यातलंच निवडून लिहिते आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: साताऱ्यात आमच्या ओसरीवर दर शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळात मुलं जमतात, हाच आमचा कट्टा. पाचवी ते नववीची. वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, बाकी काही नाही. गेल्या वर्षी सात जण होते, आता अकरा. सहा मराठी माध्यमातले, पाच इंग्रजी. मी शिक्षिका नाही. काहींना बागेचा नाद असतो, मला हा आहे.

माझं गेल्या वर्षीचं रडगाणं जुन्यांना आठवत असेल. मुलं वाचून यायची, पण मत विचारलं की एकच कॅसेट: ‘पुस्तक छान आहे. मला खूप आवडलं. यातून आपल्याला बोध मिळतो की...’ दोघं-तिघं तर वक्तृत्व स्पर्धेसारखे हात मागे बांधून बोलायचे. दहापैकी गुण द्यायला लावले, तर सरसकट नऊ. साडेनऊ एकदाच मिळाले, ते मी वाढदिवसाला दिलेल्या पुस्तकाला. काकूंचं मन कोण मोडणार?

जून

दोन बदल केले. एक, ‘छान आहे’ म्हटलं की डब्यात एक रुपया. दुसरा बदल जास्त कामाचा निघाला, करून बघा. पुस्तक घरी नेताना प्रत्येकाने कागदाची एक पट्टी न्यायची. ज्या पानावर पुस्तक खाली ठेवून फ्रीज उघडायला गेलात, तिथे ती घालायची. याचं नाव पडलं ‘कंटाळ्याचं पान’. मला वाटलं होतं, लाजतील. कसलं काय! आवडलं ते पान सांगायला जी मुलं अडखळायची, ती कंटाळ्याचं पान कारणांसकट सांगायला लागली. ‘इथे तो तीन पानं नुसता विचार करतो.’ ‘इथे लेखक मला शिकवायला लागला.’

पहिलं पुस्तक भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं. सायकल, काटकुळा बनेश आणि तो ‘ट्टॉक्’. पहिली दहा मिनिटं अकरा जिभा टाळूला लावून ट्टॉक् करत होत्या, आमचं मांजर पळून गेलं. मग नववीतला मुलगा म्हणाला, ‘फेणे संकटात सापडला तरी मला टेन्शन येत नाही. तो सुटणार हे माहीतच असतं.’ त्यावर सातवीतली मुलगी, जी वर्षभर माझ्यासमोर एक वाक्य धड बोलली नव्हती, चटकन म्हणाली, ‘म्हणूनच मी तो झोपताना वाचते.’ जे एकाला उणं वाटलं, तेच दुसरीचं वाचायचं कारण. वहीत याच्याखाली मी दोन रेघा मारल्यात.

जाता जाता: पुण्याजवळचं फुरसुंगी म्हटल्यावर एकाने विचारलं, ‘कचरा डेपोवालं ना?’ माझ्या लहानपणी फुरसुंगी म्हणजे फेणेचं गाव होतं, दुसरं काही नाही. असो.

जुलै

‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागींचं पुस्तक, मूळ जपानी १९८१चं; चेतना सरदेशमुख-गोसावींचा मराठी अनुवाद आमच्याकडे आहे. पाऊस एवढा होता की एका शनिवारी चारच जण आले. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा सगळ्यांना हवी होती, त्यात नवल नाही. अडकलो ते शेवटाशी. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळते आणि मुख्याध्यापक कोबायाशी आगीकडे बघत आपल्या मुलाला विचारतात की आता पुढची शाळा कशी बांधू या? सहावीतल्या मुलीचं म्हणणं, ‘त्यांना वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला त्यांचा.’ दुसरा म्हणाला, ‘वाईट वाटलंय म्हणूनच असं बोलले. माझी आजी घरात कोणी गेलं की भांडी घासायला घेते.’ अर्धा तास याच्यावर गेला आणि निकाल काही लागला नाही. डब्यात त्या दिवशी शून्य रुपये.

ऑगस्ट

आता खरी मजा. चित्रांतल्या आत्मकथा. याला काय म्हणायचं यावरच एक शनिवार गेला. ‘ग्राफिक मेमॉयर’ म्हणताना मराठी माध्यमवाल्यांच्या जिभेला गाठ पडते आणि ‘सचित्र आत्मकथन’ म्हणजे दहावीचा धडा वाटतो. शेवटी ‘चौकटीतली आत्मकथा’ ठरलं. एका आईचा फोनही आला, की कॉमिक वाचायला कट्ट्यावर कशाला यायचं? मी त्यांना पुस्तक वाचायला दिलं. परत आलेलं नाही, म्हणजे वाचत असाव्यात.

सुरुवात सीसी बेलच्या ‘एल डेफो’ने केली. २०१४चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. चार वर्षांची असताना मेंदूज्वराने तिचं ऐकू येणं गेलं. शाळेत गळ्यात मोठं यंत्र घालून बसायची. बाईंच्या गळ्यातला माइक चालू राहिला की बाई शिक्षकांच्या खोलीत काय बोलतात, अगदी संडासात काय करतात, तेही तिला ऐकू यायचं. या भागाला किती हशा पिकला असेल ते सांगायला नको.

अडचण भाषेची. प्रत एकच आणि इंग्रजी. आधी मी चिकटपट्ट्यांवर मराठी संवाद लिहून चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांवर लावले. दमट हवेत निम्म्या गळून पडल्या आणि आईच्या तोंडचा संवाद कुत्र्याच्या अंगावर जाऊन बसला. मग मुलांनीच तोडगा काढला. इंग्रजी माध्यमातल्या मुलाने चौकट मनात वाचायची, मराठीवाल्याच्या कानात अर्थ सांगायचा आणि त्याने तो आपल्या बोलीत मोठ्याने म्हणायचा. नाव अर्थातच ‘डबिंग’. तुमच्याकडेही दोन माध्यमांची मुलं असतील तर एवढं एक जरूर करा. इंग्रजीवाल्यांना कळलं की त्यांना वाक्य वाचता येतं, पण मराठीत सांगता येत नाही. मराठीवाल्यांना कळलं की त्यांच्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

आणि मग आले रिकामे फुगे. या पुस्तकात सीसीला ऐकू येत नाही तेव्हा समोरच्याच्या तोंडून फुगा निघतो, पण आत अक्षर नसतं. यंत्राची बॅटरी संपत आली की अक्षरं फिकट फिकट होत जातात. डबिंग करणारा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. ‘काकू, इथे काय म्हणू?’ मी काहीच बोलले नाही. त्याने नुसते ओठ हलवले. पुढच्या चौकटीतही हलवले. ओसरीवर फक्त पागोळ्यांचा आवाज. मग पाचवीतला सगळ्यात धाकटा म्हणाला, ‘आमचे आजोबा जेवायला हाक मारली की ऐकतात आणि टीव्ही बारीक करा म्हटलं की ऐकत नाहीत. मला वाटायचं नाटक करतात.’ थोडं थांबून, ‘आता बघतो.’ नक्की काय बघणार ते त्याने सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी मी विचारलं तर म्हणाला, ‘थोडं नाटक आहे. थोडी बॅटरी आहे.’

याच पुस्तकावरून मोठं भांडण झालं. सगळी पात्रं सशांच्या रूपात आहेत. धाकट्याचा आक्षेप: ‘आत्मकथा आहे म्हणता, मग ससा कसा? हे खोटं आहे.’ एकीचं उत्तर, सशाचे कान केवढे असतात, आणि हिचेच नेमके चालत नाहीत, म्हणून ससा. धाकटा अजून मानत नाही. मला त्याचं न मानणं आवडतं.

रैना टेल्गेमायरचं ‘स्माइल’ एकाच बैठकीत संपलं. सहावीत पडून पुढचे दोन दात गेले, मग वर्षानुवर्षं दातांना तार. आमच्यातल्या एकीला दोन वर्षं तार आहे. तिने तज्ज्ञ म्हणून पान पान तपासलं आणि शेवटी शिक्का मारला: ‘बरोबर लिहिलंय. तार आवळली की पोहेसुद्धा चावत नाहीत.’

सप्टेंबर

‘भीमायन’. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांचं, २०११चं. हे बाबासाहेबांचं चरित्र, चौकटीतली आत्मकथा नव्हे. पण यातला पाण्याचा भाग त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवरून घेतलाय, म्हणून आमच्या यादीत बसवला. बसवला म्हणजे काय, यात चौकटीच नाहीत! पानभर नक्षी वळत जाते आणि माणसं त्या वळणांत राहतात. ‘मग आता नाव बदला,’ इति नववी.

साताऱ्याच्या मुलांना ही गोष्ट वेगळी लागते. १९०१च्या उन्हाळ्यात लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलेलं नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तर दूर सरकतो. दुप्पट भाडं दिल्यावर एक बैलगाडीवाला तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. बरोबर डबा आहे, पाणी कोणी देत नाही. मुलं उपाशीच झोपतात. एका मुलाचं आजोळ मसूरचं. तो वाचताना थांबला. ‘आम्ही त्याच स्टेशनवर उतरतो.’ एकाने विचारलं, ‘डबा होता तर खाल्ला का नाही?’ मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, ‘पाणी नसलं की भाकरी घशात बसते.’

या पुस्तकातले फुगे बघाच. मऊ, प्रेमाने बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. डबिंगवाल्यांनी लगेच नियम केला, नांगी बघून आवाज काढायचा. गाडीवान झालेल्या मुलाने असा काही रांगडा आवाज लावला की सगळे हसले, तोही हसला. मग पाण्याचं पान आलं आणि त्याने साध्या आवाजात वाचायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी बैठक संपल्यावर राजवाड्यावरून गेलो. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखतात त्या शाळेत भीमाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालं. म्हणजे मसूरचा प्रवास शाळेत घातल्यानंतरचा. हा हिशेब मुलांनी केला, मी नाही.

ऑक्टोबर

प्रत्येकाने आपल्या आयुष्यातला एक प्रसंग एका पानावर काढायचा, फुग्यांचे आकार आपण ठरवायचे. अकरा जणांनी सुरू केलं, चार पूर्ण झाले. (कारणं: घटक चाचणी, दिवाळी, ‘मला घोडा काढता येत नाही’.) चारांतलं एक पान अंगाशी आलं. फेणे झोपताना वाचणारी आमची अबोल मुलगी. तिने संध्याकाळचं स्वयंपाकघर काढलं होतं. आईच्या तोंडून एकच वाक्य, ‘अभ्यास झाला का?’ आणि त्या फुग्याला ही एवढी नांगी. आईने पान पाहिलं. रविवारी सकाळी माझ्या दारात. रागावलेल्या नव्हत्या, ते परवडलं असतं. म्हणाल्या, ‘मी विंचू आहे का हो?’ आणि मग, ‘घरातलं असं बाहेर मांडायचं असतं का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा केला.

पुढच्या शनिवारी नाव न घेता प्रश्न मुलांपुढे ठेवला: आपल्या गोष्टीत दुसरी माणसं येणारच, त्यांना विचारायचं का? वर्षभरातली सगळ्यात तापलेली बैठक. विचारायलाच हवं, असे चार जण. विचारलं तर आत्मकथा उरत नाही, निबंध होतो, असे पाच. सीसी बेलने तिच्या मैत्रिणींना विचारलं असेल का? दात पडल्यावर चिडवणाऱ्यांना रैनाने विचारलं असेल का? मग मसूरचं आजोळवाला म्हणाला, ‘आणि श्यामच्या आईला कोणी विचारलं होतं?’

मी सावरून बसले. साने गुरुजींनी ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं, आई १९१७ सालीच गेली होती. विचारणार कुणाला? तिचा मार, तिची गरिबी, तिची रडणारी संध्याकाळ, सगळं आपण रात्र पहिली, रात्र दुसरी करत वाचतो आणि धडा म्हणून पाठ करतो. ही शंका मला चाळीस वर्षांत आली नव्हती. एक मुलगी म्हणाली, ‘पण त्याने आईला नांगी नाही काढली.’ दुसरी म्हणाली, ‘मारते की पोहायला जात नाही म्हणून. फुगा कुठला काढशील?’ त्यावर ‘थोर अश्रू’मधला, ओले पाय मातीने भरू नयेत म्हणून आई आपलं वस्त्र दगडावर पसरते, तो प्रसंग निघाला. तिथे पक्षी काढायचा यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. म्हणजे एकाच बाईला दोन फुगे लागतात. साडेसहाचे सात वाजले, दोन पालक फाटकाशी येऊन उभे.

सध्याची स्थिती

डब्यात वर्षाचे एकूण सत्तावीस रुपये, त्यातले एकोणीस जूनचे. कंटाळ्याच्या पट्ट्या मी जपून ठेवते आहे. एकाच पुस्तकात तीन पट्ट्या एका पानावर आल्या तर ते पान मोठ्याने वाचून बघायचं, असं ठरलंय. पुढे केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत वाढलेल्या ओमर मोहम्मदची गोष्ट घ्यायची आहे, व्हिक्टोरिया जेमीसनने काढलेली. डबिंगला सोमाली शब्द येतील, तेव्हा काय गोंधळ होतो ते कळवेन. कोणाकडे लहान मुलांना झेपतील अशा मूळ मराठीतल्या चौकटीतल्या आत्मकथा असतील तर जरूर सांगा, मी फार शोधते आहे.

स्वयंपाकघराचं ते पान वहीतच आहे. मुलीने ते बदललं नाही. मागच्या शनिवारी मात्र वही मागून घेतली, कोपऱ्यात जाऊन पाच मिनिटं काहीतरी काढलं, पान मधोमध दुमडलं आणि माझ्याकडून स्टेपलर घेऊन दोन पिना मारल्या. ‘काकू, हे अजून झालं नाही.’ मी पिना काढलेल्या नाहीत.