देवाला विचारायचं म्हणजे नक्की काय विचारायचं

नोकरी बदलायची की नाही, बदलली तर शहरही सोडावं लागणार, हा विषय डोक्यात इतका घोळतोय की आज शेवटी देवापुढे चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. दोन कागद फाडले, एकावर 'जा', एकावर 'राहा'. पण 'जा'चा तुकडा जरा मोठा फाटला आणि गुंडाळल्यावर हाताला जाड लागायला लागला, म्हणजे डोळे मिटले तरी बोटांना कळणारच कुठली कुठली ते. आणि गंमत म्हणजे ते कळतंय याचं मला बरंच वाटत होतं. हसूच आलं. उत्तर माझं, सही तेवढी देवाची! ठेवून दिल्या तशाच.

तसं हे काही आजचं नाही म्हणा. जुन्या काळी लिडिया देशाच्या क्रीसस राजाने ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात कौल लावून विचारलं होतं, पर्शियावर स्वारी करू का, तर उत्तर आलं की केलीस तर एक मोठं साम्राज्य बुडेल, हा खूश होऊन निघाला आणि बुडालं ते त्याचंच. कुणाचं साम्राज्य, एवढं साधं विचारायचं राहिलं, कारण ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं ना. बायबलमधला गिदोन त्यापेक्षा बरा, त्याने देवाकडे खूण मागताना रात्री लोकर पसरून ठेवली, सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी पाहिजे म्हणाला, तसं झालं तर दुसऱ्या रात्री म्हणे आता उलटं करून दाखव. देवाचीही डबल टेस्टिंग.

मला सगळ्यात पटतो तो मुसलमानांमधला इस्तिखारा. दोन रकात, म्हणजे दोन आवर्तनं, नमाज आणि एक दुआ, की हे काम माझ्या भल्याचं असेल तर सोपं कर, नसेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून लांब ठेव, आणि भलं जिथे असेल तिथे मला समाधानी ठेव. हे शेवटचं आपण कुठे मागतो? आपण साकडं घालतो ते 'अमुक होऊ दे' असंच.

गीतेत अर्जुन पण सुरुवातीला 'मी तुझा शिष्य, मला सांग' म्हणतो आणि अठराव्या अध्यायात ६३व्या श्लोकात कृष्ण म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. एवढं सांगून झाल्यावर तूच ठरव! बरं, लगेच ६६व्यात 'मामेकं शरणं व्रज' आहेच, म्हणजे डोकं पण चालव आणि शरण पण ये. ही दोन्ही एका वेळी कशी करायची ते मला अजून नीट जमत नाही.

स्पेनमधला सैनिक, पुढे ख्रिस्ती संत झालेल्या इग्नेशियस लोयोलाचं मात्र वापरता येण्यासारखं आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडून पडून तो कधी पराक्रमाची आणि राजघराण्यातल्या बाईची स्वप्नं रंगवायचा, कधी संतांसारखं जगायची. दोन्ही करताना मजाच यायची, पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतर बराच वेळ प्रसन्न राहायचं. देवाचा इशारा तो या नंतरच्या चवीत शोधायला लागला. आणि त्याचा पुढचा नियम, की मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही.

म्हणून आता एक दिवस 'गेलेच आहे' असं धरून वावरणार, एक दिवस 'राहिलेय' असं धरून, आणि संध्याकाळी मन कसं आहे तेवढं इथे लिहिणार. पगाराचा हिशोब वेगळा, तो देवाला विचारायची गरज नाही, कॅल्क्युलेटर आहे. आईशी पण बोलायचंय, ती काय म्हणणार ते माहितीये तरी. एचआरला शुक्रवारपर्यंत कळवायचंय आणि तो मेल सकाळीच लिहायचा, कारण रात्री या वेळेला मला कुठलीही नवीन गोष्ट नकोच वाटते.